पडद्याची शिट्टी

मार्गदर्शिकेतले ते वाक्य सदाशिवने तिसऱ्यांदा वाचले. मॉनिटरला न झेपणारी वारंवारिता दिली, तर तो कायमचा जळू शकतो. पडद्यातून तीक्ष्ण शिट्टी ऐकू आल्यास क्षणाचाही विलंब न लावता तीन कळा एकत्र दाबून सर्व थांबवावे. त्याने त्या तीन कळा बोटांनी चाचपून ठेवल्या.

दुपारचे अडीच वाजले होते. सिल्वासातल्या त्या धाग्याच्या कारखान्यात रंगीत मॉनिटर हा एकच. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून संगणकावर लिनक्स ही प्रणाली चढवून झाली होती, चालतही होती. परंतु काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरे, यापलीकडे तिचे दर्शन नव्हते. मुंबईहून निघालेल्या संचालकांना उत्पादनाचे आलेख खिडक्यांत, माऊसने उघडून दाखवायचे होते. मॅनेजर विजय कर्णिकांनी सकाळी मोजक्या शब्दांत सांगितले होते: दिसले, तर संगणकाची खोली सदाशिवची, न दिसले, तर सोमवारपासून त्याने पुन्हा ट्विस्टिंग खात्यात जावे. काचेच्या दारापलीकडे धागा पिळणाऱ्या यंत्रांचे ते खाते होते. तिथे बारा वर्षे इंजिनिअर म्हणून काढून तो आठवड्यापूर्वीच या बाजूला आला होता.

मॉनिटरला किती झेपते, हे त्याच्या पाठीवरच्या पट्टीवर छापलेले असते. भांडार विभागाने नेमक्या त्याच पट्टीवर ऑइलपेंटने मालमत्ता क्रमांक रंगवला होता. संगणकाने दाखवलेल्या वारंवारितांच्या यादीतला पहिला, सर्वांत लहान आकडा निर्धोक होता, पण त्यावर चित्र इतके मोठे उमटे, की आलेखाचा निम्मा भाग पडद्याबाहेर राही. सदाशिवने तिसरा आकडा निवडला.

"दुसरा का नको, सर?" कारखान्याच्या लॅबमधून मदतीला आलेल्या कीर्तीने दारापासून विचारले.

"दुसरा म्हणजे अर्धे धाडस. त्यात धोका आहेच, आणि आलेख पूर्ण दिसेल याची खात्री नाही."

त्याने एंटर दाबले. पडदा काळा झाला आणि मग त्यावर तिरप्या रेघा धावू लागल्या.

"सर, बंद करा! शिट्टी वाजतेय!"

"कुठे?"

"ही काय! कानात सुई घातल्यासारखी."

"मी मॉनिटरपासून हातभर अंतरावर आहे, तू दारात आहेस. वाजत असती, तर आधी मला ऐकू आली असती." सदाशिवने मान वळवली. "कारभारी, तू सांग."

कारभारी ट्विस्टिंग खात्यातला जुना ऑपरेटर, शिरपूरकडचा. तीनच्या पाळीआधी टेबल हलवण्यासाठी त्याला बोलावले होते. त्याने डोके कलते करून पडद्याजवळ नेले.

"मला तं काहीच ऐकू नाही येत, साहेब. बिलकुल शांती हाय. आपल्या खात्यात अशी शांती असती, तं उभ्याउभ्या झोप लागली असती."

"झाले. दोघांचे एक मत पडले."

"सर, मतं कसली मोजताय? जळेल तो!"

दार उघडून टेलिफोन ऑपरेटर ज्योती आत आली. "सर, भिलाडहून फोन होता. मुंबईचे साहेब चहा घेऊन निघालेत, अर्ध्या तासात... अगं बाई, हे काय किंचाळतंय?" तिने दोन्ही कानांवर हात ठेवले.

सदाशिवची तीन बोटे कळांवर पडली. पडदा पुन्हा काळा झाला, पांढरी अक्षरे परतली. ज्योतीने कानांवरचे हात काढले. सदाशिवच्या लेखी खोलीत काहीच बदलले नव्हते.

तो कीर्तीकडे पाहत राहिला, मग ज्योतीकडे. मग कारभारीकडे.

"मशीनवर किती वर्षे झाली तुला?"

"चौदा." कारभारी हसला. "पोरीनं गजराचं घड्याळ दिलं होतं मला, साहेब. वाजतच नाही म्हणून वापीला जाऊन बदलून आणलं. दुसरं बी तसंच निघालं."

सदाशिवचा हात स्वतःच्या कानाकडे गेला.

"कीर्ती," सदाशिव म्हणाला, "इथे माझ्यासमोर उभी राहा. मॉनिटरच्या बाजूला. नाही, तोंड माझ्याकडे कर."

त्याने दुसरा आकडा भरला. हा मॉनिटर आत्ताच अर्धा जळालेला असेल, तर या आकड्यावर उरलेला जळेल. तरीही त्याने एंटर दाबले. पडद्याकडे त्याने पाहिलेच नाही. तीन कळांवर बोटे ठेवून तो कीर्तीच्या कपाळाकडे पाहत होता. तिथे आठी पडते का, एवढेच त्याला पाहायचे होते. कारभारीही टेबलाला वळसा घालून तिचा चेहरा दिसेल असा उभा राहिला.

आठी पडली नाही. कीर्तीला त्याच्या चष्म्याच्या काचांत आधी एक करडा चौकोन उमटलेला दिसला, मग त्यात एक लहान खिडकी.

"आलं, सर. माझ्याकडे काय बघताय, तिकडे बघा ना!"

त्याने पाहिले. आलेख पूर्ण दिसत होता, चारही कडांसकट. त्याने कळांवरची बोटे काढली.

"जमलं बुवा तुमचं!" कारभारीने खांद्यावरचा रुमाल डोक्याला गुंडाळला. "आता तुम्ही इकडचे. चला, पाळी झाली."

त्याने काचेचे दार ढकलले, तशी खात्याची घरघर लोंढ्यासारखी आत शिरली.

"कारभारी, थांब," सदाशिव म्हणाला. मग उठून उभा राहत त्याने मोठ्याने हाक मारली, "कारभारी!"

कीर्ती आणि ज्योती, दोघीही वळल्या. कारभारी वळला नाही.