पहिला घोट

"ये रे, आलास?" म्हणत कोंडीनं गाडीपाशीच हेमंतचा हात धरला.

"नमस्कार. मी नाशिकहून आलोय. इकडं पहिल्यांदाच," हेमंत म्हणाला आणि हात अलगद सोडवून घेतला.

म्हातारी जरा वेळ त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिचा सूर बदलला.

"बसा सायेब."

मागून वाईन कंपनीच्या उज्ज्वला मॅडम उतरत होत्या, म्हणून तर तो तसं बोलला. कंपनीत वाईन चाखणारा म्हणून त्याचं नाव होतं, आणि मॅडमना ठाऊक होतं ते एवढंच, की हेमंत नाशिकचा, आई निवृत्त शिक्षिका. या सूर्यमाळ गावाच्या पलीकडच्या पाड्यावर तो जन्मला, आश्रमशाळेत शिकला आणि एक दिवस फोनचा नंबर बदलून मोकळा झाला, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याची आई काळी अजून तिथंच राहत असणार. ती आज इथं दिसू नये, एवढंच त्याचं मागणं होतं.

आंब्याखाली बरीच माणसं बसली होती. प्रत्येकापुढं पळसाच्या पानाचा द्रोण, रिकामा.

"एवढी गर्दी?" मॅडम हसल्या.

"घरटी एक माणूस आलाय," कोंडी म्हणाली.

"मग द्या ना त्यांनाही."

"सायबांचं झाल्याबिगर नाय."

"बघा हेमंत, केवढा मान! फोनवरसुद्धा ह्या बाई हटूनच बसल्या. हेमंत सायबांनाच आणा, आणि आजच आणा."

हेमंतला बरं वाटलं. आपलं नाव इथवर पोचलं तर. त्यानं गर्दीतल्या म्हाताऱ्या एकेक करून पाहिल्या. आई नव्हती. त्याला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

बचतगटाच्या पडवीत कोंडीनं पहिली बाटली उघडली. मॅडमनी फोन पुढं धरला. हेमंत नेहमीसारखा बोलू लागला.

"करवंद. रंग काळपट तांबडा. वास... तापल्या कातळावर पाणी शिंपडावं तसा. जिभेच्या कडा आवळते आणि सोडता सोडता गोड होते. हे अपेक्षित नव्हतं."

आणि स्टीलच्या पेल्यात थुंकला.

बाहेरून रघ्यानं, दात पडलेल्या एका म्हाताऱ्यानं, मान लांब केली. "आगं कोंडे, सायेब थुकतो का?"

"त्यांची रीत हाय ती."

"मंग पेल्यालाच चढायची!"

दोनचार बायका पदराआड हसल्या. हेमंतही हसला. त्याच्या धंद्यात गिळायचं नसतं. दिवसभर चाखायचं तर थुंकावंच लागतं. आता ते अंगवळणी पडलं होतं.

"ग्लास विसळायला पाणी?"

कोंडीनं तांब्यातून थोडंसं ओतलं. विसळलेलं पाणी तिनं फेकलं नाही, पडवीच्या कडेच्या मिरचीला घातलं. टँकर येतो तेव्हा इथं कशी धावपळ उडते, हे त्याला आठवलं. त्यानं पुढं पाणी मागितलं नाही.

"जांभूळ. बियांचा कडवटपणा काढलेला नाही, आणि तोच हिला उभं करतो. लक्षात राहील अशी."

थुंकला. मॅडम खूश होत्या. "दोन्ही घेऊ आपण. झालं?"

"एक हाय आजून," कोंडी म्हणाली आणि आतून मडकं घेऊन आली. तोंडाला स्वच्छ फडकं बांधलेलं.

"हिला बाटली नाही?"

"हिला नाय. यंदाच्या मोहाची हाय. घ्या."

बाहेरच्यांनी आपापले द्रोण हातात घेतले. रघ्यानंही.

"मोह," हेमंतनं सुरुवात केली. "रंग फिक्या मधासारखा. वास..."

"वास?" मॅडमनी विचारलं.

भाजलेल्या नाचणीचा वास. चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळलेल्या फुलांचा. मोहात मूठभर भाजलेली नाचणी टाकणारी बाई अख्ख्या सूर्यमाळेत एकच होती.

घोट तोंडात होता. इतक्या वर्षांत इतक्या बाटल्या झाल्या, पण असं काही जिभेवर आलं नव्हतं. आधी गोड, मग ओल्या पाचोळ्यासारखं, मग ती नाचणी, सावकाश, घरात दिवा लागावा तशी. घसा आपोआप उघडला.

आणि त्याला वाटलं, की आई दाराआड असणार. आता बाहेर येणार, गोंदलेले हात लुगड्याला पुसत, मॅडमदेखत विचारणार, आवडली का रे?

त्यानं घसा आवळला. पेला ओढला आणि थुंकला.

"बिघडलीय. धूर लागलाय." आवाज चिरकला, म्हणून तो आणखी मोठ्यानं म्हणाला, "फेकून द्या."

रघ्यानं आपला द्रोण जमिनीवर पालथा घातला.

"कोणी केली ही?" मॅडमनी विचारलं.

"काळीनं."

हेमंतनं दाराकडं पाहिलं. दारात कुणी नव्हतं.

"मग बोलवा ना त्यांना," मॅडम म्हणाल्या. "धूर कसा टाळायचा ते हेमंत समजावतील."

कोंडीनं मडक्यावर फडकं बांधलं. घाई केली नाही. मग थुंकीचा पेला उचलून तिनं हेमंतच्या पुढ्यात ठेवला, आणि गाडीपाशी बोलली होती तशी बोलली.

"मोह येचला तवाच तिनं घालून ठेवली रे. म्हणाली, मी गेल्यावर माज्या दिवसाला काढा, पयला घोट लेकानं गिळला का मंग गावाला द्या."