उन्हात तापत ठेवलेले सेल

शहाण्णव सालच्या वैशाखात महाळुंगे पडवळला एका हळदीच्या मांडवात ओतूरचा फोटोग्राफर हस्तीमल ओसवाल घामाघूम झाला होता. सगळी भावकी कॅमेऱ्यात मावेना, म्हणून त्यानं घराच्या भिंतीला पाठ टेकवली.

खटका दाबला की लख्ख उजेड पडायचा, पोरी किंचाळून हसायच्या, आणि फ्लॅश ‘कुंईं’ करत पुढच्या फोटोसाठी भरायचा. आज तो आवाज अगदी कानाशी येत होता.

“कॅमेऱ्याकडं बघा राव! माझ्या खांद्यावरनं काय बघताय?” हस्तीमल करवादला.

“कॅमेऱ्याकडंच बघतोय की!”

सगळे इतकं झकास हसले की तोही हसला, आणि फोटो काढत राहिला.

रोलमध्ये शेवटचा फोटो उरला, तेव्हा नवरीची आत्या कुशाबाई ओंजळीत फ्लॅशचे चारही सेल घेऊन आल्या. “शेठ, सकाळी आल्या आल्या जीपच्या टपावर तापाया ठिवलं व्हतं न्हवं? इसरला व्हय?”

उतरलेले सेल उन्हात तापवले की आणखी एखादा रोल निघतो, ही त्याची जुनी युक्ती. त्यानं फ्लॅशचं झाकण उघडलं. आत काहीच नव्हतं.

“मग मघापासून उजेड कुठनं पडतोय?”

“लई चेष्टेखोर बाई तुमी!” कुशाबाईंनी पदर सारखा केला. “आता माझा एकटीचा काढा.”

आणि त्या हस्तीमलच्या खांद्यावरून भिंतीकडं बघत गोड हसल्या.

भिंतीला टेकलेल्या त्याच्या पाठीमागं ‘कुंईं’ सुरू झालं.