शालूचा ताप

बाबुलालने सायकल फाटकाला टेकवली, तेव्हा धोंडबा आधीच बाहेर येऊन उभा होता.

"आज नाई जमत," तो म्हणाला. "शालूले ताप आहे."

"ताप?" बाबुलालचा हात कॅरिअरमधल्या वहीवरच राहिला. "काल तं चांगली होती."

"दुपारून चढला. झोपून आहे."

मिलमधल्या इन्स्पेक्टरच्या जागेची परीक्षा उद्या सकाळी होती. यंदा तिच्यात स्टॅटिस्टिक्सचा नवा पेपर होता. त्याच्यासाठी बाबुलाल महिनाभर ड्यूटी संपवून कोहक्यातल्या आपल्या घरून कॅम्प-१ मध्ये धोंडबाकडे येत होता आणि शालूपुढे वही उघडून बसत होता. आज सगळ्याची शेवटची उजळणी व्हायची होती. त्याने वही पुन्हा कॅरिअरला अडकवली.

"जाऊ दे," मग तो म्हणाला. "पोरीपेक्षा काय परीक्षा मोठी आहे? औषध देल्लं ना?"

"देल्लं."

बाबुलालने सायकल वळवली.

धोंडबा आत आला. त्याची लेक शालू टेबलावर कागद मांडून बसली होती, ठणठणीत. दुर्गच्या कॉलेजात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. काकांसाठी तिने एकाखाली एक प्रश्न लिहून ठेवले होते.

"काका नाई आले अजून?"

"नाई येत म्हने. काम निंगालं त्याले."

शालूचं तोंड उतरलं. धोंडबाला ते खुपलं. आपण डबल ड्यूटी करून येत होतो, तेव्हा या पोरीचं तोंड कधी असं उतरलं होतं?

महिनाभर तो व्हरांड्यात खाटेवर बसून ऐकत होता. घरात मोजून दोन शब्द बोलणारी पोर बाबुलालपुढे बोलता थांबत नव्हती. एकच गोष्ट तीन-तीनदा सांगायची, पण वैतागायची नाही. आणि त्याचं उत्तर बरोबर आलं की म्हणायची, "शाबास काका, बिलकुल सही!" बाबुलाल आणि तो वीस वर्षं सळया बनवणाऱ्या एका मिलमध्ये, एकाच शिफ्टला. गेला महिनाभर मात्र धोंडबाने त्याच्यासोबत डबा उघडला नव्हता. ही परीक्षा धोंडबालाही देता आली असती, पण त्याने फॉर्मच भरला नव्हता. या वयात लेकीपुढे पाटी घेऊन कोण बसेल, असं चारचौघांत तोच म्हणाला होता.

शालू कागद आवरायला लागली.

"राहू दे," धोंडबा समोरच्या खुर्चीवर बसला. "मले विचार."

"तुमाले?"

"विचार तं खरी."

तिने हसू दाबलं. "पाच सळाखाइची जाडी मोजली. चोवीस, पंचवीस, पंचवीस, सव्वीस अन् चाळीस. मीन किती?"

धोंडबाचे ओठ हलले. "अठ्ठावीस. पन अठ्ठावीसची सळाख तं त्याच्यात एकबी नाई. त्या एका चाळीसनं समद्याइचा मीन बिघडवला. अशा टायमाले बीचवाली पाहाची. मीडियन. पंचवीस."

शालूने पेन खाली ठेवलं.

"दोन मशीनी," ती सावकाश म्हणाली. "दोघींचा मीन एकच. मंग कोनती चांगली?"

"जिच्या मालाचं माप कमी फाकते, थे."

"बाबा, कुठी शिकले तुमी हे?"

"इथंच. खाटेवर."

"मंग आतमंधी कावून नाई बसले?"

"मले कोनं बोलावलं?"

शालूने टेबलावर थाप मारली. "शाबास बाबा! बिलकुल सही!"

धोंडबाने तोंड भिंतीकडे वळवलं. "आणखी विचार," तो म्हणाला.

तासभर असंच चाललं. ती पुढचा प्रश्न वाचणार, तोच फाटक वाजलं. बाबुलाल परत आला होता. मागे त्याची बायको गयाबाई, पदराने धरलेली स्टीलची बरणी सांभाळत.

"कुठी आहे पोरगी?" गयाबाई थेट आत आली. "अन् तू बसून कावून राहिली? हे म्हनत होते, तापानं फनफनून राहिली पोर. चिरायत्याचा काढा करून आनला." तिने शालूच्या कपाळावर हात ठेवला.

"उद्याचं डोक्यातून काढून टाक तू," बाबुलाल दारातूनच म्हणाला. "मी पाहून घेतो माहं."

शालूने बापाकडे पाहिलं. धोंडबा प्रश्नांच्या कागदाकडे पाहत होता. त्याचा कान लाल झाला होता.

"उतरला आता, काकू," शालू म्हणाली.

"उतरला तरी घ्या लागते. पूर्ण पी."

गयाबाईने पेला भरला. काढा काळाकुट्ट, कडूजहर होता, वाफ निघत होती. शालूने तो उभ्यानेच घेतला. घोट घोट करून संपवला. शेवटच्या घोटापर्यंत तिची नजर बापावरून हलली नाही.

"बसा काका," तोंड पुसत ती म्हणाली. "स्टँडर्ड डेव्हिएशन राहिलं होतं आपलं."

धोंडबा खुर्चीवरून उठला. बाबुलाल संकोचत बसला आणि वही उघडली.

"पाहा, तोंडबी वाकडं नाई केलं पोरीनं," गयाबाई कौतुकाने म्हणाली. मग तिचं लक्ष धोंडबाकडे गेलं. "तुमचा चेहरा कावून असा झाला, भाऊ? तुमालेबी अंगात कसर वाटून राहिली का? घ्या, उरला आहे थोडा."

तिने बरणी पालथी करून पेला पुढे केला.

धोंडबाने तो मुकाट्याने तोंडाला लावला.