सकाळचा फोन

ऑफिसच्या दोन मजल्यांमध्ये नेटवर्कच्या दोन केबली होत्या. एक सगळा भार ओढायची, दुसरी नुसती पडून. नेटवर्क सांभाळणाऱ्या धाकट्या बहिणीने तो भार दोन्हींवर वाटून दिला. एखादी तुटलीच, तर दुसरीने सगळं ओढायचं. आज एक तुटली. कुणाला पत्ताही लागला नाही.

आईला करायचे फोनही दोघी बहिणींनी असेच वाटून घेतले होते, सकाळचा ताईचा, संध्याकाळचा धाकटीचा. वर्षापूर्वी ताईने अंग काढून घेतलं. आईच्या जुन्या फोनवर नंबर कुठे दिसतो? तेव्हापासून सकाळीही धाकटीच बोलते, ताईच्या आवाजात. आज घसा बसला होता, तरी बोलली.

संध्याकाळपर्यंत घसा मोकळा झाला. फोनवर तिने नेहमीसारखं विचारलं, "ताईचा आला होता ना गं फोन?"



"आला होता की," आई म्हणाली. "घसा कसा आहे आता तुझा?"