कनातीबाहेर

चेतनने प्रोजेक्टरच्या भिंगाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. भिंगावर कुंकवाचा जाड थर होता.

"दर दसराले लावस," आक्काबाई म्हणाली. "कपाळ शे ना ते."

तंबूत सिनेमा दाखवायचं हे यंत्र. आक्काबाईचा नवरा ते घेऊन खानदेशातल्या जत्रा करायचा. तो गेला, तंबू गेला, आणि मुलगा नीलेश खडोलीच्या कारखान्यात लागला तेव्हा यंत्र तिच्याबरोबर आमलीच्या या पत्र्याच्या खोलीत आलं. आता नीलेशच्या घरी पाळणा हलणार होता आणि खोलीत पाळण्याला जागा नव्हती. त्याने संध्याकाळी भंगारवाल्याला बोलावलं होतं.

ही बातमी शाळेत शिकवणाऱ्या चेतनच्या कानावर पडली आणि त्याचं वर्गावरचं लक्षच उडालं. आपल्या घरात खऱ्या फिल्मचा सिनेमा दाखवायचा, हे त्याचं जुनं वेड. चालणारं यंत्र शिक्षकाच्या पगारात बसत नव्हतं आणि पगारात बसणारं यंत्र हॉटेलात शोभेला ठेवण्याच्याच लायकीचं असायचं. हा विषय निघाला की त्याची बायको अमृता मुकाट्याने भाजी निवडायला घ्यायची. शाळा सुटताच तो घरी गेला, जपून ठेवलेला दिवा आणि रबरी पट्टा घेतला, अमृताची नवी चादर तिला न विचारता उचलली आणि ओळखीच्या पप्पूला टेंपोसकट घेऊन आमलीत दाखल झाला. आज हे यंत्र चाललं तर घरी सिनेमा, नाहीतर ते भंगारात आणि आपलं वेडही त्याच्याबरोबर, असं त्याने मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

कुंकू पुसता पुसता त्याची बोटं लाल झाली. कडेला थोडं राहिलंच. त्याने दिवा बसवला, पट्टा चढवला, भिंतीवर चादर ठोकली. खिडकीला गोधडी लावली. यंत्राबरोबर एकच डबा उरला होता, पोचे पडलेला. आक्काबाईने तो हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि शेवटचं रीळ आहे म्हणून सांगितलं. मग दार लोटून ती उंबऱ्याशी बसली, चादरीकडे पाठ करून.

चेतनने देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

यंत्र खडखडलं, थरथरलं आणि चालू झालं. उजेडाचा एक झोत खोली ओलांडून गेला. त्यात धुळीचे कण नाचत होते आणि पलीकडे, अमृताच्या चादरीवर, एक घर उभं राहिलं होतं. घरापुढे तुळस. तुळशीपाशी एक बाई. तिचा पदर वाऱ्यावर हलत होता. चित्राच्या कडेला कुंकवाची लाली होती. मोठ्या पडद्यावर त्याने शेकडो सिनेमे पाहिले असतील, पण स्वतःच्या हाताने लावलेल्या दिव्यातून माणसं चालत बाहेर येतात, हे त्याला आजच कळत होतं.

पण बाईचे ओठ हलले आणि आवाज आला नाही. त्याने कळ फिरवली, तार हलवली, यंत्राला एक चापटही मारून पाहिली. फिल्मवरचा आवाज उचलणारा छोटा दिवा गेला होता, आणि तो आता कुठे मिळत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मुकं यंत्र घरी नेऊन करायचं काय? त्याचा हात बटणाकडे गेला.

"मी काही मागायला आले नाही, मामंजी," मागून कोणीतरी म्हणालं. "तुळशीला पाणी घालायचं राहिलं होतं, तेवढं घालून जाते."

चेतन गर्रकन वळला. आक्काबाई दाराच्या फटीतून बाहेर बघत बोलत होती. एरवी जिच्या तोंडी निव्वळ अहिराणी, ती बाई शुद्ध, घोटीव मराठीत, नुसत्या यंत्राच्या खडखडीवर, चादरीवरच्या ओठांशी शब्दाला शब्द जुळवून बोलत होती.

हा सिनेमा इतक्या वेळा पाहिलात का, असं त्याने विचारलं. कुठलं पाहणार, ती म्हणाली. कारभारी आत यंत्रावर असायचे. ती दारावर तिकिटं घ्यायची आणि खेळ सुरू झाला की हातात काठी घेऊन तंबूला फेऱ्या मारायची, कारण पोरं कनात उचलून फुकटात आत शिरायची. सिनेमा तिने ऐकला होता, शेकडो वेळा, बाहेरून.

"आजी," चेतन म्हणाला, "वळा ना जरा."

ती वळली. चादरीवर एक म्हातारा दारात उभा होता. आक्काबाई त्याला नीट बघायला पुढे झुकली.

"हाऊ शे तो?" ती हळूच म्हणाली. "माले वाटे, चांगला उंचपुरा व्हई."

म्हाताऱ्याचे ओठ हलले. आक्काबाईने घाईघाईने पदर डोक्यावर ओढला आणि खाली मान घालून त्याचं वाक्य म्हटलं, त्याच्याच जड आवाजात. "बाहेर किती वेळ उभी राहशील, सूनबाई? आत ये."

रीळ संपलं. चादर नुसती पांढरी झाली, कडेला लाल. गल्लीत पप्पूने भोंगा वाजवला. चेतनने बटण बंद केलं नाही. यंत्र मी नेतो, तो म्हणाला, पण त्याला आवाज नाही. दर रविवारी तुम्हाला माझ्या घरी यावं लागेल.

आक्काबाईने पांढऱ्या चादरीकडे पाहिलं, मग लोटलेल्या दाराकडे.

"मंग दारवर कोन बसी?"

"मी बसेन," चेतन म्हणाला.