मालकाचं नाव

“इथं सही करा, वहिनी,” राजकुमारनं कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. “मंग तुमच्या डोक्याले ताप नाही.”

सुचितानं पेन हातात घेतलं. कागदावर लिहिलं होतं, की चिखलीच्या या कुरिअर शाखेचे मालक गोकुळ वारले आहेत, फ्रँचायझी त्यांच्या धाकट्या भावाच्या, राजकुमारच्या नावे करावी, आणि पत्नीची त्याला हरकत नाही. तेरवी होऊन चारच दिवस झाले होते. शटर अर्धं खाली होतं. त्याच्या खालून ऊन सरपटत आत आलं होतं आणि वजनकाट्यापाशी येऊन थांबलं होतं.

समोर कंपनीचा माणूस बसला होता. शेखर. अकोल्याच्या ऑफिसात नवा आलेला. ‘मालक वारले’ एवढाच निरोप त्याला मिळाला होता, म्हणून तो फाईल काखेत मारून पहिल्या एसटीनं निघून आला होता. फाईल अजून बांधलेलीच होती. तो चहा पीत होता.

राजकुमार मनानं वाईट नव्हता. दवाखान्यात भावाच्या उशाशी तोच बसून राहिला होता. तो फक्त धरून चालला होता, की दुकान मालकाचं, मालक गेला, तर आता घरातल्या दुसऱ्या पुरुषाचं.

“तुमी आता घरी आरामात राहा,” तो म्हणाला. “काउंटर मी पाहतो.”

आराम. त्या शब्दाचीच तिला धडकी भरली. अकरा वर्षं ती या स्टुलावर बसत होती. गोकुळ गाडीवर पार्सलं पोचवायचा आणि ती आत बसून गावागावाची पोती लावायची. केळवद, किन्होळा, सवणा, शेलूद. गावांची नावं ती ओवीच्या चालीवर म्हणायची आणि एकेक पार्सल आपापल्या गावच्या पोत्यात जाऊन पडायचं. आईचं जातं कधीच गेलं होतं. चाल तेवढी हिच्या गळ्यात राहिली होती. घरी बसल्यावर ती चाल कशाला लावायची, हे तिला कळत नव्हतं.

आणि रोज सकाळी गोकुळ शटरला हात लावून मागं वळायचा. आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचा, “मालकीणबाई, उघडू का?” समोरचा टेलर मशीन थांबवून हसायचा. हिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

“पुरे झाली मस्करी,” ती म्हणायची. “मालक तुमी, अन् विचारता मले.”

राजकुमारनं काउंटरवरचा एक खोका उचलून पाहिला. वर नुसतं ‘पुंजाजी, शाळेजवळ’ एवढंच लिहिलेलं. गावाचं नाव पाण्यानं पुसलं होतं.

“हे कोन्या पुंजाजीचं, वहिनी?”

“सवण्याच्या,” ती मान वर न करता म्हणाली. “केळवदच्या पुंजाजीले औषधं येतात. त्याचा खोका हलका राह्यते. हा त खणखण वाजून राह्यला. मोटारपंपाचं सामान हाय.”

शेखरनं चहाच्या कपावरून तिच्याकडं पाहिलं.

सुचितानं पेन कागदाला टेकवलं. ‘सु’ काढला. पुढचं अक्षर हातातून उतरेना.

“थांबा ताई,” शेखर म्हणाला. “आधी दाखला आणि करार जुळवून घेतो. सही मग करा.”

त्यानं फाईलची नाडी सोडली. करारनाम्याशेजारी मृत्यूचा दाखला ठेवला. एकदा हा कागद पाहिला, एकदा तो. कप खाली ठेवला.

“हा अर्ज मला घेता येणार नाही.”

“काऊन?” राजकुमार उठून उभा राहिला. “नगरपालिकेचा शिक्का हाय त्याच्यावर.”

“दाखला बरोबर आहे. नाव जुळत नाही.”

सुचिताला वाटलं, एखादी वेलांटी चुकली असेल. नाही तर एखादा काना. आता ना दुकान तिचं, ना दिराचं. बाहेरची पाटी उतरवतील, पोती गुंडाळून नेतील.

“मालक वारले, तरच फ्रँचायझी दुसऱ्याच्या नावावर होते,” शेखर म्हणाला.

“मंग वारलेच ना,” ती म्हणाली. “माह्ये मालक गेले, साहेब. सतरा दिवस झाले.”

शेखरनं करारनामा फिरवून तिच्यासमोर धरला.

मालकाच्या रकान्यात तिचं नाव होतं. पूर्ण. खाली तिचीच सही, अकरा वर्षांपूर्वीची, शाळेच्या वहीतल्यासारखी गोल गोल. एका दुपारी गोकुळनं कागदांचा गठ्ठा पुढं ठेवला होता, ‘बँकेचं हाय, कर सह्या’ म्हणाला होता, आणि तिनं भाकरीच्या पिठाचे हात पुसून सह्या केल्या होत्या. त्याच्या खाली आणखी एक रकाना होता, कामावरच्या माणसांचा. त्यात गोकुळच्या तिरक्या अक्षरात एकच नाव होतं. गोकुळ. काम : पार्सल पोचवणे.

“तुमचे यजमान गेले, ताई. फार वाईट झालं,” शेखर हळू म्हणाला. “पण मालक गेलेले नाहीत. माझ्यासमोर बसल्या आहेत.”

राजकुमारनं तो कागद दोनदा वाचला. मग ‘सु’वर अडलेला आपला कागद उचलला, चार घड्या करून खिशात घातला आणि शटरपाशी गेला. खाली वाकून त्यानं कडीला हात घातला. तसाच थांबला.

“दादानं कधी कोणाले सांगतलं नाही,” तो पुटपुटला.

“रोज सांगत होते, राजूभाऊ,” सुचिता म्हणाली. “उघडा.”