तनुजाच्या ब्लॉगवरची आई

"पुन्हा वाच," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"काकू, मला मळमळायला लागलं," शेजारची रूपा म्हणाली. तरी तिनं मोबाईल वर केला.

ब्लॉग मनकर्णाबाईंच्या सुनेचा, तनुजाचा होता. घर सांभाळणारी आई म्हणून ती त्यावर लिहायची. डबा, अभ्यास, पोरांचे हट्ट, असं काहीबाही. हजारो बाया वाचायच्या.

रूपा वाचू लागली. "एक लेकरू होतं, सहा वर्षांचं. दोडक्याची भाजी नको म्हणालं. आईनं जबरदस्तीनं भरवली. ते ताटातच ओकलं. अन्न टाकायचं नसतं, असं म्हणून आईनं ओकलेल्यातच भाकरी कुस्करली आणि नाक दाबून तेच पुन्हा भरवलं. ताट रिकामं होईपर्यंत. मैत्रिणींनो, लेकराचं पोट भरलं की मुकाट्यानं ताट उचला."

मनकर्णाबाईंनी पदर तोंडाला लावला. 

"शी! बाई हाये का कोण?"

नावगाव लिहिलेलं नव्हतं. पण लिहिणारी तनुजा, म्हणजे लेकरू तनुजा. आणि आई म्हणजे मुकुंदवाडीची विहीण. त्यात विचारायचं काय?

"म्हणजे तुमच्या विहीणबाई?" रूपानं डोळे मोठे केले. "दिसतात तर किती गरीब!"

"दिसण्यावर नको जाऊ. हळदीकुंकवाला किती गोड बोलती! अन् हे असलं?"

मनकर्णाबाईंना किळस आली होती, पण आता भीतीही वाटू लागली. तनुजाला नववा महिना लागला होता. बाळंतपणाला ती मुकुंदवाडीला जाणार आणि चार वर्षांच्या श्रेयालाही सोबत नेणार, असं ठरलं होतं. मनकर्णाबाई शहराच्या छावणी भागात एकट्या राहायच्या. नातीला आपल्याकडं ठेवा म्हणून त्या महिनाभर विनवत होत्या. चार वर्षांत श्रेया एक रात्रही छावणीत राहिली नव्हती. दर वेळी काही ना काही निघायचं. कधी सर्दी, कधी शाळा. हे सगळं विहीणच पढवते, असं मनकर्णाबाईंना वाटायचं.

आता तर लेकराच्या जिवाचा प्रश्न होता.

मनकर्णाबाईंचा लेक अभय आणि तनुजा राहायचे त्या पुंडलिकनगरात सप्ताह चालू होता. कीर्तनकार बद्रीनाथ महाराजांचं दुपारचं जेवण रोज एका घरी असायचं आणि शुक्रवारी पाळी अभयच्या घरची होती. महाराजांचा शब्द घरात कुणी मोडत नसे. त्यांच्या कीर्तनात मनकर्णाबाई पहिल्या रांगेत बसायच्या. टाळ वाजायला लागले की त्यांचे डोळे भरून यायचे. पंचवीस वर्षांपूर्वी त्यांच्याच हातून मनकर्णाबाईंनी गळ्यात माळ घातली होती.

शुक्रवारी त्या सकाळीच लेकाच्या घरी पोचल्या. पुरण स्वतः वाटलं.

महाराज आणि अभय जेवायला बसले. शेजारी श्रेया. तिनं अर्धी पोळी खाल्ली, पोटावर हात ठेवला. "आई, झालं माझं." तनुजानं काही न बोलता ताट उचललं.

मनकर्णाबाईंना ते बघवलं नाही. "महाराज, आमच्या अभयनं आजवर ताटात शीत टाकलं नाय. वळणच तसं लावलं मी."

"भाग्य लागतं, माउली," महाराज म्हणाले.

हात धुऊन झाले. तनुजानं सुपारी पुढं ठेवली. मनकर्णाबाईंनी पदर खोचला.

"महाराज, एक निवाडा पायजे. तनुजा, वाच तू लिहिलेलं. ते दोडक्याचं."

तनुजानं अभयकडं पाहिलं. अभयनं होकाराची मान डोलावली. तिनं वाचलं, एका सुरात, कुठंही न थांबता. महाराजांच्या हातातली सुपारी हातातच राहिली.

"पांडुरंग, पांडुरंग," ते म्हणाले. "हे खरं आहे, बाई?"

"खरं आहे."

"मग हे असलं गावाला कशाला सांगतेस गं?" मनकर्णाबाई कडाडल्या. "जन्म दिला तिनं!"

"आत्याबाई, दुसऱ्या कुणी असं करू नये म्हणून लिहिलं."

"ते जाऊ द्या," मनकर्णाबाई महाराजांकडं वळल्या. "मला काय म्हणायचं, जिनं लेकराला ओकलेलं खाऊ घातलं, तिच्या हाती आमची श्रेया द्यायची का? तुमीच सांगा. जनावर चाटून साफ करतं, पण असं नाय करत!"

महाराजांनी सुपारी खाली ठेवली. मग म्हणाले, "नाही देऊ. माफ करावं, पण लेकरू देऊ नये."

"ऐकलं ना?" मनकर्णाबाई लेकाकडं वळल्या. "अभ्या, ये इकडं. महाराजांच्या माळेला हात लावून बोल. अशा बाईकडं श्रेया एक रात्र बी राहायची नाय."

"आई, नीट विचार कर," अभय हळू म्हणाला. "कुणीही असली तरी?"

"कुणी बी असू दे! माझी सख्खी बहीण असती तरी हेच म्हणले असते. लाव हात."

अभय महाराजांसमोर गुडघ्यावर बसला. माळेला दोन बोटं लावली.

"अशा बाईकडं श्रेया एक रात्रही राहणार नाही."

मनकर्णाबाईंनी महाराजांना वाकून नमस्कार केला. डोळे पुसले. "चल गं श्रेया, तुझे कपडे काढू. आता आजीकडं राहायचं, व्हय ना?"

श्रेया आईच्या मागं सरकली.

"महाराज, तनुजाच्या आईला मात्र यात ओढू नका," अभय उठत म्हणाला. "ते तनुजाला मी सांगितलं होतं. ते लेकरू मी."